पोटातला स्क्रू

१८ एप्रिल. आजचं काम : भंगारातून आलेला एक जुना कॅबिनेट झाडून-पुसून त्यात मदरबोर्ड बसवणे. अमरावतीतल्या माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी मुलींना कॉम्प्युटर जोडायला शिकवते. उद्या नवी तुकडी येणार, सहा जणी. पहिल्या दिवशी समोर चालू मशीन नसली तर मुलींना वाटतं, हा शिवणक्लासच आहे, फक्त दोरा नाही.

भंगारवाल्यानं कुठल्याशा संस्थेनं विकलेले तीन कॅबिनेट आणून टाकले होते. त्यातला बरा दिसला तो टेबलावर घेतला, मागचे दोन स्क्रू काढले, बाजूचं झाकण ओढलं आणि त्याच्या आतून एकदा फडकं फिरवलं. पत्र्यावर टोकदार काहीतरी घेऊन खरवडलेल्या दोन खुणा दिसल्या. एक, घड्याळाचे दोन काटे. दुसरी, कापसाचं बोंड. काटे चाचांचे. बोंड माझं.

काम करताना मी बसत नाही. पण आज स्टूल ओढलं.

अकोल्याच्या दुकानात ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले, ते चाचा स्क्रू तोंडात धरायचे. बोर्ड कॅबिनेटात कसायला आठ स्क्रू लागत. ते आठही एकदम गालात. एकेक जिभेनं पुढे सरकवायचा, ओठांच्या टोकाशी आणायचा, तिथून पेचकसाच्या लोहचुंबकी टोकावर घ्यायचा आणि थेट बोर्डाच्या छेदात सोडायचा. त्यामुळे मशीन कुठवर आली हे त्यांच्या आवाजावरून कळे. आठ स्क्रू असताना नुसतं ‘म्म’. सहा उरले की गुणगुणणं. चार उरले की शब्द, पण ओठ मिटावे लागणार नाहीत असेच. माझं नाव प्रमिला. ते काही त्यांना जमायचं नाही. म्हणून ते मला ‘कास्तकारीन’ म्हणत, शेतकऱ्याची मुलगी म्हणून. पुष्कळ दिवस मला वाटत होतं की हे नाव प्रेमाचं आहे. ते निव्वळ सोयीचं होतं. एकदा स्वतःच सांगितलं त्यांनी, “तुह्यं नाव घेतलं का स्क्रू पडते.”

“चाचा, ही काय तोंडात घालायची वस्तू आहे?” मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

“चाळीस वर्सं घड्याळाचे स्क्रू ठेवले. ते जिऱ्याएवढे राह्यतेत. हे तं मले जेवन वाटते.”

अकोल्याच्या जुन्या बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं खोकं होतं. मग घड्याळं इतकी स्वस्त झाली की दुरुस्त करण्यापेक्षा नवं घेणं बरं, आणि मग मोबाइल आले आणि घड्याळ घालायचंच लोक विसरले. अठ्ठावन्नाव्या वर्षी चाचांनी खोकं बंद केलं, घड्याळजीचं भिंग कपाळावर चढवलं आणि ते आमच्या मालकाकडे येऊन म्हणाले, “मोठं घड्याळ असन तं सांगा.” मालकानं त्यांच्यासमोर कॉम्प्युटर ठेवला. चाचांनी तो उघडला, भिंग डोळ्याला लावलं, दहा मिनिटं आत पाहिलं आणि विचारलं, “याची चावी कुठी हाय?”

पुढेही भिंग कायम कपाळावरच असे, लागलं की डोळ्यावर येई. चहात साय आली का तेही ते भिंगातून पाहत.

मालकाचं मूळचं दुकान बी-बियाणं आणि औषधांचं. त्या वर्षांत कापूस एकामागून एक हंगाम बसत गेला, दुकानात गिऱ्हाईक येईनासं झालं, तेव्हा त्यांनी दुकानाची मागची अर्धी बाजू पडदा लावून वेगळी केली आणि तिथे कॉम्प्युटर जोडायला सुरुवात केली. पुढे फवारणीचे पंप टांगलेले, मागे मदरबोर्ड. बियाणं घ्यायला आलेला एखादा कास्तकार पडदा सारून आत डोकावे. एकानं हिरवा बोर्ड निरखून पाहिला आणि म्हणाला, “हे तं आमच्या गावाचा नकाशाच दिसून राह्यला. नदी हाय, रस्ते हाय, फक्त विहीर नाई.” चाचांनी प्रोसेसरची जागा दाखवली. “हे विहीर. पन हिच्यात पानी नाई, आग हाय. म्हनून वर पंखा लावा लागते.” तो माणूस समाधानानं बियाणं न घेताच गेला.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती, हे वेगळं सांगायला नको. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आमच्याच जिल्ह्यातल्या एखाद्या गावाचं नाव असे, आणि ते कशासाठी असे ते सगळ्यांना माहीत होतं. चाचा टेबलावर वर्तमानपत्र पसरूनच काम करत, आणि पहिलं पान कायम खाली. मी एकदा कारण विचारलं. “सकाळी वाचलं,” ते म्हणाले. “वाचाले पायजेच. पन त्याच्यावर हात चालत नाई माह्या.” क्रिकेटच्या पानावर मात्र हात झकास चालायचा. कोणी शून्यावर बाद झाला असेल तर चाचा नेमका त्याच्या तोंडावर स्क्रूची बशी ठेवत.

मी तिथे नोकरीला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. आमचं गाव मूर्तिजापूरकडे. वडिलांनी मला अकोल्याला राहू दिलं होतं ते एका अटीवर : दिवाळीपर्यंत नोकरी पक्की झाली तर राहायचं, नाहीतर घरी यायचं. घरी येणं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, पण माझ्या काकूनं दोन स्थळं आधीच पाहून ठेवली होती आणि त्यातल्या एकाला फोटोही दिला होता. मला पडद्यामागेच राहायचं होतं. इतकं की मी पहिल्या दिवशी कोणाला न विचारता एक बोर्ड उचलला आणि सरळ कॅबिनेटच्या पत्र्यावर ठेवून कसायला घेतला.

चाचांनी माझा हात धरला नाही. त्यांनी तोंडातले स्क्रू बशीत काढले, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

“नवरदेवाले जमिनीवर बसवून राह्यली काय व? पाट मांड ना आधी.”

पाट म्हणजे पितळेच्या छोट्या खुंट्या. त्या आधी पत्र्याला कसायच्या आणि बोर्ड त्यांच्यावर ठेवायचा, म्हणजे तो पत्र्यापासून करंगळीच्या नखाएवढा वर राहतो. बोर्डाच्या पाठीला सगळीकडे कथलाचे उघडे टाके असतात. ते पत्र्याला टेकले, किंवा मध्ये एखादा सुटा स्क्रू शिरला, की बटण दाबताच बोर्ड जळतो. “छेद मोज. तितकेच पाट मांड. एक जास्त झाला तं पाठीत टोचते, एक कमी झाला तं बोर्ड झुलते. नवरदेव टोचून घेत नाई आन् झुलत बी नाई.” मग स्क्रू लावताना पहिला करकचून आवळला, तर पुन्हा हात वर. “आधी सगळे अर्धे. मंग सगळे पुरे. पहिल्यालेच पुरा आवळला तं आठव्याले छेदच सापडत नाई.” हे मी आज मुलींना शब्दशः सांगते. मशीनखेरीज इतर ठिकाणीही ते लागू पडतं असं माझ्या लक्षात आलं आहे, पण ते मी फीमध्ये धरत नाही.

खुणांची रीत त्यांनी घड्याळांतून आणली होती. घड्याळ उघडणारा प्रत्येक कारागीर झाकणाच्या आत आपली बारीक खूण खरवडून ठेवतो. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. ती पुढच्या कारागिरासाठी असते. चाचा तसंच कॅबिनेटच्या झाकणाच्या आत करत, आणि तेही मशीन गिऱ्हाइकाच्या जागी सुरू झाल्यावर. त्यांनी मलाही खूण निवडायला लावली. मी बोंड निवडलं. जोडणाऱ्याची खूण आधी, तपासणाऱ्याची नंतर. आणि एखादं काम जाणूनबुजून तसंच सोडलं असेल तर शेजारी एक टिंब. पुढच्यानं ते पुरं केलं की टिंबाभोवती गोल.

“गिऱ्हाइकाशी थोडंबहुत खोटं चालते,” ते म्हणत. “झाकनाच्या आत चालत नाई.”

दसऱ्याच्या सुमारास बार्शीटाकळीच्या एका संस्थेची मागणी आली : दहा मशीन, शेतकऱ्यांच्या मुलामुलींच्या प्रशिक्षण केंद्रासाठी. आमच्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती. पण त्याच्या महिनाभर आधी एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात आमची मशीन सुरू करताच जळली होती, बोर्डाखाली सुटा स्क्रू निघाला होता, आणि ती मशीन मी जोडली होती. मालक तसे भले गृहस्थ. ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, “बाई, या दहांतली एक जरी जळली, तर तुम्ही पुढच्या काउंटरला. बियाण्याच्या पुड्या बांधा. तेही काम वाईट नाही.” पुढच्या काउंटरला माणूस हंगामापुरता लागे. म्हणजे दिवाळीला मी घरी, आणि काकूच्या हाती दुसरा फोटो.

आणि अशा वेळी मी एक मूर्खपणा करत होते. चाचांचं पाहून मीही स्क्रू तोंडात धरायला लागले होते. चाचांनी एकदा पाहिलं आणि इतकंच म्हणाले, “शिक. पन हासू नको.”

त्या दुपारी चाचा सहाव्या मशीनवर होते, त्यांच्या तोंडात पाच स्क्रू उरलेले. मी सातव्या मशीनवर, नुकतेच आठ गालात घेतलेले. पडदा सरकला आणि मालक संस्थेच्या सचिवांना घेऊन आत आले. सचिव पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले, अतिशय गंभीर.

“हे आमचे एक्सपर्ट,” मालक म्हणाले. “ह्या त्यांच्या असिस्टंट. विचारा काय विचारायचं ते.”

एक्सपर्टनं ‘म्म’ केलं. असिस्टंटनं ‘म्म’ केलं. सचिवांना तो आमचा शिष्टाचार वाटला असावा. त्यांनीही मान लववून ‘म्म’ केलं. मला तिथेच हसू फुटत होतं, पण मी ओठ घट्ट दाबून धरले.

“मी असं ऐकलं,” सचिव म्हणाले, “की कॉम्प्युटरमध्ये व्हायरस पडतो. त्याला उपाय काय?”

चाचांनी पेचकस खाली ठेवला. भिंग कपाळावर नीट केलं. मग पडद्याच्या फटीतून दिसणाऱ्या फवारणीच्या पंपाकडे बोट दाखवलं, आणि पंपाचा दांडा हातात आहे असं समजून तो दोनतीनदा खालीवर केला.

सचिवांनी खिशातून डायरी काढली. “असं का? औषध कोणतं घ्यावं?”

मी फुटले. आठही स्क्रू तोफेतून सुटावेत तसे सुटले. काही वर्तमानपत्रावर, काही सातव्या मशीनच्या कॅबिनेटात, एक मालकांच्या चहात टुबकन. एक सचिवांनी स्वतःच्या खिशातून काढून दिला आणि वर ‘हे तुमचं’ म्हणाले. आम्ही सगळे खाली वाकून गोळा करत होतो, माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सगळे बशीत टाकले. चाचांनी आपल्या तोंडातलेही त्याच बशीत काढले, बोटानं फिरवले आणि मोजले. बारा. त्यांचे पाच, माझे आठ. हवे होते तेरा.

माझं हसू तिथल्या तिथे गोठलं. मालक माझ्याकडे पाहत होते. “कोणाचा गेला?” त्यांनी विचारलं.

चाचांनी मान वर केली, आवंढा गिळला आणि छातीवरून हात खाली आणत बेंबीपाशी थांबवला.

“माहा गेला, मालक. पोटात. गटकन.”

मालकांचा चेहरा उजळला. स्क्रू मशीनमध्ये नाही, माणसात आहे, म्हणजे काळजी मिटली. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी. “अहो, मग डॉक्टरकडे चला. पोटाचा फोटो काढू.”

“फोटो काहाले? आत काय हाय ते मले माहीत हाय. स्क्रूच हाय.”

“केळी द्या,” सचिव म्हणाले. डायरी अजून उघडीच होती. “आमच्या घरी पुतण्यानं अंगठी गिळली तेव्हा केळीच दिली.”

मालक स्वतः धावत जाऊन डझनभर केळी घेऊन आले आणि चाचांपुढे उभे राहिले. चाचांनी, नवस फेडावा तशा भक्तीनं, एकामागून एक सात केळी खाल्ली. आठव्याला त्यांनी हात जोडले. “बाकीची पाच राहू द्या. स्क्रू काई पळून जात नाई.” मी चाचांना मनातल्या मनात शंभर नमस्कार घातले. माझा नव्हता. माझा एकही गेला नव्हता. आयुष्यात दुसऱ्याच्या पोटात काही गेल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही चमत्कारिक वाटली. मालक आणि सचिव गेल्यावर चाचांनी सातवी मशीन ओढली, बोर्ड बाहेर काढला, पाठ पाहिली, रिकामा कॅबिनेट उपडा करून हलवला, पत्र्याला कान लावला.

“चाचा, स्क्रू तुमच्या पोटात आहे ना? मग इथं काहून शोधता?”

“आदत हाय,” ते म्हणाले. काही सापडलं नाही. डब्यातला नवा स्क्रू घेऊन त्यांनी बोर्ड पुन्हा बसवला.

चौथ्या दिवशी टेम्पोत दहा मशीन, मालक, चाचा, मी आणि उरलेली केळी असे बार्शीटाकळीला पोचलो. शाळेच्या बाकांवर मुलंमुली दाटीवाटीनं बसली होती, मागे त्यांचे आईबाप. उद्घाटनाचे पाहुणे यायला उशीर झाला. ते आले तेव्हा बाराला दहाच मिनिटं होती, आणि हार घालण्यात त्यातली पाच गेली. मग ते एकेक मशीन सुरू करत निघाले. मशीन सुरू झाली की आतला बारकासा भोंगा एकदा ‘टी’ करतो. म्हणजे सगळं ठीक. पहिली मशीन, ‘टी’, टाळ्या. दुसरी, ‘टी’, टाळ्या. सहावीपर्यंत टाळ्यांना ठेका आला होता. पाहुण्यांनी सातवीचं बटण दाबलं.

काही झालं नाही. तेवढंच नाही, तर आधीच्या सहांचे पडदेही काळे झाले. मालकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. त्यांना वाटलं, माझ्या सातवीनं आपल्याबरोबर सहा जणींना ओढून नेलं. मला स्वतःलाही तसंच वाटलं. बियाण्याच्या पुड्या, काकू, दोन फोटो, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं.

मागून एक आजोबा म्हणाले, “पंखा बी बंद झाला ना बाप्पा. लाइन गेली. बाराची लोडशेडिंग हाय.”

सगळं सभागृह हसलं. मालक हसले नाहीत, कारण सातवी अजून सुरू व्हायचीच होती. लाइन दोनला येणार. ते दोन तास मी खिडकीपाशी उभी राहून वडिलांना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते. चाचा पहिल्या बाकावर बसून केळी खात होते आणि पोरांना पोटावर कान ठेवू देत होते. “आयकू येते का? फिरून राह्यला. आता डाव्या अंगाले गेला.” पोरांची रांग लागली होती. एका पोरीला खरंच ऐकू आला. पाहुण्यांनीसुद्धा, इकडेतिकडे पाहून, एकदा कान लावला.

लाइन आली. पाहुण्यांनी पुन्हा बटण दाबलं. सातवी सुरू झाली. पण तिची ‘टी’ इतरांसारखी नव्हती. जरा फाटकी, दातांत फट असलेल्या माणसानं शिट्टी मारावी तशी. कोणाच्या ते लक्षात आलं नाही. टाळ्या पडल्या, पडद्यावर अक्षरं आली, पाहुणे आठवीकडे सरकले. मी भिंतीला टेकले. फक्त चाचांचं भिंग कपाळावरून उतरून डोळ्यावर आलेलं मला दिसलं.

दहाही मशीन सुरू झाल्यावर खुणा करायच्या होत्या. सातवीचं झाकण काढून मी माझं बोंड खरवडलं. चाचा वाकले. बॅटरी मारून त्यांनी आत, पुढच्या कोपऱ्यात, बराच वेळ पाहिलं. मालक त्यांच्या खांद्याशी उभे होते.

“काही गडबड?”

“गडबड नाई. पोरीचं काम पाहून राह्यलो. चांगलं हाय.”

मग त्यांनी टोच्या घेतला, काटे खरवडले, झाकण लावलं आणि मागचे दोन्ही स्क्रू स्वतः आवळले. परतताना टेम्पोत मालक मला म्हणाले, “बाई, दिवाळीनंतर दोन तारखेला या.” एवढंच. ते वाक्य मी घरी गेल्यावर वडिलांना तीनदा ऐकवलं. काकूनं एक फोटो परत मागवला.

पुढे चार वर्षं मी चाचांच्या समोर बसून काम केलं. लग्न होऊन अमरावतीला यायला निघाले तेव्हा त्यांनी मला तो टोच्या दिला. “सोन्याचं काई नाई माह्यापाशी,” म्हणाले. “हे लोखंडाचं हाय. लोखंड मले लय पचते, तुले मालूमच हाय.” तोवर पोटातल्या स्क्रूची गोष्ट साऱ्या बाजारात झाली होती. मीही ती शेकडो वेळा सांगितली. दुकान काढलं तेव्हा गिऱ्हाइकांना, मग दर तुकडीच्या मुलींना, तोंडात स्क्रू धरू नये याचं उदाहरण म्हणून.

शेवटची भेट अचलपूरला, त्यांच्या मुलीकडे. एसटीनं गेले होते, केळी घेऊन. चाचांचे दात गेले होते. “आता स्क्रू धरायले दात नाई,” ते म्हणाले, “म्हनून बडबड वाढली. जावई कावला.” मी विचारलं, पोटातल्याचं काय? ते खूश झाले. “डॉक्टर म्हनते, म्हाताऱ्या मानसाचं रक्त पातळ असते, तुमचं चांगलं हाय, लोह कमी नाई. मी म्हटलं, कमी होईनच कसं?” दारापर्यंत पोचवायला आले आणि पहिल्यांदाच माझं नाव घेतलं, ‘प्रमिला’. स्पष्ट. पडायला काही नव्हतं आता. त्या हिवाळ्यात ते गेले. मला आठ दिवसांनी कळलं.

तर आज. स्टुलावरून उठले आणि कामाला लागले. जुना बोर्ड काढला, छेद मोजले, खुंट्या मोजल्या. हार्डडिस्क ठेवायचा पत्र्याचा पिंजरा गंजला होता, तोही खोलून बाजूला केला. त्याच्यामागे, पुढच्या खालच्या कोपऱ्यात, रुपयाएवढा तो भोंगा होता. भोंग्याच्या पाठीला लोहचुंबक असतं. चुंबकाला एक स्क्रू चिकटलेला होता. गंजलेला, धुळीची लोकर पांघरलेला, आणि एका कडेनं भोंग्याच्या पडद्याला टेकलेला.

मी झाकण पुन्हा उचललं आणि ओलं फडकं जोरात घासलं. काटे. बोंड. आणि बोंडाच्या शेजारी, धुळीनं बुजलेलं, एक टिंब.

त्यांना माहीत होतं. बशीत स्क्रू मिसळले तेव्हाच माहीत होतं. आपल्या तोंडातले पाच ते जिभेनं मोजून होते. कोपऱ्यात बॅटरी मारली तेव्हा कुठे आहे तेही कळलं. चुंबकानं धरून ठेवलेला स्क्रू बोर्डाखाली जाणार नाही, हे त्यांना दिसलं होतं. बाहेर काढला असता तर तो पोटातून तिथे कसा पोचला ते मालकांना सांगावं लागलं असतं. म्हणून त्यांनी तो तिथेच ठेवला, मालकांशी खोटं बोलले, माझ्याशीही, अचलपूरच्या डॉक्टरशीही. झाकणाच्या आत तेवढं खरं लिहून गेले. सात केळी, वर बार्शीटाकळीचीही, त्यांनी विनाकारण खाल्ली होती. त्यांना केळी आवडत नसत, हे मला त्यांच्या मुलीनं त्या दिवशी अचलपूरला सांगितलं होतं, आणि ते ‘कशाला आणलीत’ म्हणण्यातलं सौजन्य, असं मी समजले होते.

१९ एप्रिल. सकाळी नऊला सहाही मुली आल्या. त्यांच्यासमोर खुंट्या मांडल्या, बोर्ड ठेवला. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवलेला तो स्क्रू आठवा म्हणून घेतला. आधी सगळे अर्धे, मग सगळे पुरे. बटण दाबलं. ‘टी’ स्वच्छ आली. मग झाकण आडवं ठेवलं, टोच्या घेतला आणि टिंबाभोवती गोल काढला.

“मॅडम, हे काय?” एकीनं विचारलं. तिच्या ओठांत दोन स्क्रू होते.

“आधी ते बशीत काढ,” मी म्हटलं. “मग सांगते.”